डोलकाठीची मशीद

“हळू रे मेल्यांनो. मयतीला सुद्धा याहून बरं उचलतात माणसाला.”

दाऊदचाचाची खुर्ची मशिदीच्या चढावर आली की हे वाक्य ठरलेलं. लाकडी खुर्ची, तिला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले, आणि उचलणारे चौघे घामाघूम. चाचा जन्मभर जहाजावर सारंग होता. खलाशांवर ओरडण्यात हयात गेलेली. अंगावरून वारं जाऊन पाय गेले तरी आवाज शाबूत होता. चौघांनी खुर्ची पायरीशी टेकवली की तो बगलेतून चपला काढायचा आणि एकाच्या हातात द्यायचा. “ठेव पायरीवर. नीट जोडीनं ठेव. नाहीतर ती खतिबाची पोर मला मोजायची नाही.”

खतिबाची पोर म्हणजे मी, मैमुना. बाबा गावच्या मशिदीचे खतीब, शुक्रवारचा खुतबा म्हणजे प्रवचन देणारे. तेव्हा काही पोर नव्हते, पस्तिशी उलटली होती. नवरा काविळीनं गेल्यावर माहेरी परत आलेली. पण बापाच्या गावात बाई म्हातारी झाली तरी पोरच.

मी हौदाच्या कडेला, दगडी जाळीच्या बाहेर बसून चपला मोजत होते. हे काम आमच्या घरचं. आमच्या खारशेत गावात माणसं मोजत नसत. मोजली की घटतात म्हणायचे. आणि मोजल्याशिवाय तर भागत नव्हतं, कारण आम्ही शाफई पंथाचे. आमच्यात जुम्याच्या, म्हणजे शुक्रवार दुपारच्या नमाजाला चाळीस पुरुष लागतात, आणि तेही गावचे, कायमचे राहणारे. पाहुणा आला तर त्यानं खुशाल नमाज पढावा, पण तो चाळिसात धरत नाहीत. चाळिसाला एक जरी कमी पडला तर जुमा होत नाही, रोजच्या दुपारचा जोहर पढून घरी जायचं. म्हणून खतिबाच्या घरातल्या बाईनं पायरीवरच्या चपला मोजायच्या, आणि चाळीस जोड झाले की हौदावरचा तांब्या जाळीवर एकदा वाजवायचा. तो आवाज ऐकला की आत खतीब हातात काठी घेऊन मिंबरच्या पायऱ्या चढणार. आधी माझी आजी वाजवायची, मग आई, मग मी.

माझ्या स्वतःच्या चपला मागच्या दाराशी, विहिरीकडे असायच्या. बाईच्या चपला पायरीवर कशाला? मोजताना घोटाळा व्हायचा.

त्या शुक्रवारी दाऊदचाचाचा जोड चाळिसावा होता. तसा तो वर्षभर चाळिसावाच होता. पोरं कुवेतला, दुबईला, कोणी मुंबईला, आणि गावात उरलेले आम्ही. चाचाच्या चपलांचे तळ कोरे करकरीत. चालायचाच नाही तर झिजणार कुठून. मी तांब्या वाजवला. आत बाबांची काठी दगडावर टेकली, आणि त्यांचा आवाज खाडीवर गेला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण खुतबा द्यायला उभा राहिला की पलीकडच्या काठावर ऐकू जायचं. तरीवाला धाकू तेवढा वेळ होडी बांधून ठेवायचा. खारव्याचा पोर, त्याला अरबी काय कळणार? पण म्हणायचा, “खतीबसाहेब बोलतायत तोवर वल्हं मारणं बरं दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, दाऊदचाचा गेला. चहाचा कप मागितला आणि कप येईपर्यंत गेला. दफन करून बाबा घरी आले, ओटीवर बसले आणि बराच वेळ हातपाय धुवायलाही उठले नाहीत.

“शुक्रवार करून गेला,” ते म्हणाले. “शहाणा माणूस. मला म्हणाला होता, खतीबसाहेब, मरेन पण शुक्रवार बुडवून मरायचो नाही.”

दोघांच्याही मनात एकच होतं. आता उरले एकोणचाळीस.

आता आमच्या मशिदीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर बाबांना काय होत होतं ते कळायचं नाही. बाहेरून बघाल तर बुटकी, काळ्या दगडाची, छपरावर शेवाळ. उंच मिनार नाही की घुमट नाही. पण आत मधोमध एक खांब आहे, सागाचा, गोल, वर निमुळता होत गेलेला. बाकी सगळे खांब दगडी, हा एकच लाकडी. ती जहाजाची डोलकाठी आहे. आमच्या आज्या-पणज्या सांगायच्या की फार जुन्या काळी अरबांचं एक जहाज वादळात खाडीत शिरलं. खारव्यांनी त्यांना भात दिला, आसरा दिला. काही जणांनी इथंच लग्नं केली, इथंच राहायचं ठरवलं. मशीद बांधली. पण जुमा होईना, कारण राहणारे एकोणचाळीस. चाळिसावा नाखुदा, जहाजाचा मालक. त्याला परत जायचं होतं. घर, बायको, सगळं तिकडे. तो दर शुक्रवारी यायचा, नमाज पढायचा, पण पाहुणा म्हणून. आणि एका शुक्रवारी तो कुऱ्हाड घेऊन जहाजावर गेला, आणि स्वतःच्या जहाजाची डोलकाठी तोडून खांद्यावरून घेऊन आला. ती मशिदीत मधोमध रोवली. डोलकाठी नाही तर शीड नाही, शीड नाही तर जाणार कसा? त्या दिवशी पहिला जुमा झाला.

खरं खोटं खुदा जाणे. एवढी जड डोलकाठी एकटा माणूस खांद्यावरून कशी आणेल, हे मी लहानपणी विचारलं होतं आणि आजीचा धपाटा खाल्ला होता. पण त्या दिवसापासून इथला जुमा कधी मोडला नाही, यावर गावाचा विश्वास होता. पटकीच्या साथीतही मोडला नाही म्हणायचे. बाबा त्याच नाखुद्याच्या वंशातले म्हणून खतीब. आणि आता तो जुमा त्यांच्या हातून मोडणार होता.

बुधवारी दुपारच्या एसटीनं माझा भाऊ आला. याकूब, माझ्याहून लहान, कुवेतला नोकरीला. सुट्टीवर येणार हे माहीत होतं, पण सोबत भलीमोठी पेटी बघून बाबांचा चेहरा असा काही खुलला की मलाच कसंतरी झालं.

“एवढी पेटी?” बाबा म्हणाले. “सगळं सामान आणलंस वाटतं.”

“आणलंय काय काय,” याकूब म्हणाला.

जेवताना बाबांनी विषय काढला. त्यांना आडवळणानं बोलता येतच नसे. “दाऊद गेला. एकोणचाळीस राहिलेत. तू राहतोस का?”

“बघू,” याकूब म्हणाला आणि माशाचा काटा काढत बसला.

बघू. आमच्याकडे नाही म्हणायचं असलं की बघू म्हणतात, हे बाबांनाही माहीत होतं. पण आस लागलेल्या माणसाला बघू म्हणजे अर्धं हो वाटतं.

त्याच संध्याकाळी मुकादम आले. गावातले शहाणे. त्यांच्याकडे सगळ्यावर तोडगा असायचा.

“खतीबसाहेब, कशाला जिवाला लावून घेता? याकूबचं नाव रेशनकार्डावर आहे. घर इथं आहे. गावचाच झाला की.”

“रेशनकार्ड नमाज पढायला येत नाही,” बाबा म्हणाले. “माणसाची नियत काय आहे ते धरतात.”

“मग हनफी पंथाचे लोक बघा. तिघाचौघांत जुमा उरकतात. त्यांचा काय होत नाही?”

“होतो. चांगला होतो. त्यांचे इमाम वेगळे. आम्ही इतकी वर्षं चाळीस भरले म्हणून शाफई, आणि आता भरत नाहीत म्हणून हनफी? अंगरखा आहे का तो, घट्ट झाला म्हणून बदलायला?”

मुकादम उठून गेले. याकूब दारात उभा राहून सगळं ऐकत होता.

गुरुवारी दुपारी मी मशिदीचा हौद घासत होते तिथं तो आला. पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला आणि माझ्याबरोबर घासायला लागला. लहानपणी आम्ही दोघं असंच घासायचो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

“बुबू,” तो म्हणाला. मोठ्या बहिणीला आमच्यात बुबू म्हणतात. “बाबांना घेऊन जायला आलोय मी. मुंब्र्याला जागा घेतली आहे. पेटीत पडदे नि पंखा आहे तिथला. सुलताना नि पोरं तिथंच राहतात. बाबा तिथं राहतील, डॉक्टर जवळ आहे.”

“आणि मी?”

“तू पण ये की,” तो म्हणाला, पण हात थांबवून म्हणाला. आधी त्याच्या मनात आलंच नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. मी त्यालाही दोष देत नाही. भिंतीला कोणी विचारतं का, तू येणार का म्हणून?

“बाबांना सांगितलंस?”

“सांगेन सावकाश. उद्या काय ते जुम्याचं आहे ना, तेवढं होऊ दे. मी सांगतो त्यांना, राहतो म्हणून. म्हाताऱ्याचं मन राखायचं. महिन्यानं कंपनीची तार आली म्हणून निघतो आणि त्यांनाही नेतो.”

“म्हणजे उद्या खोटं बोलणार.”

“खोटं कसलं गं? त्यांच्याच आनंदासाठी.”

“नाखुद्याच्या खांबाशी बसून?”

“लाकूड आहे ते, बुबू,” तो हळूच म्हणाला. वाईट मनानं नाही म्हणाला. थकलेला होता तोही. नंतर आम्ही दोघांनी हौद घासून पुरा केला, आणि झऱ्याचं पाणी सोडलं.

संध्याकाळी जेवायला बसण्यापूर्वी याकूब बाबांना म्हणाला, “राहतो मी, बाबा.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, “मैमुना, माझा पांढरा झगा काढ. नीळ घाल त्याला.” आणि त्या माणसानं दाऊदचाचा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला. वर परत मागितला. भाताचं ते पातेलं हातात घेऊन मी उभी होते, आणि माझ्याच्यानं सांगवलं नाही. कोणाच्या तोंडचा घास काढून घ्यायचा तर वेळ बघावी लागते, आणि तशी वेळ कधी येतच नाही.

शुक्रवारी दुपारी बाबा निळीतून काढलेला झगा घालून सगळ्यांच्या आधी मशिदीत गेले. एक एक जण येऊ लागला. हौदावर हातपाय धुतले की पायरीवर चपला. मुकादमांच्या कोल्हापुरी. बांग देणाऱ्या हसनमियाँची तुटकी, दोरी बांधलेली. दाऊदचाचाची खुर्ची उचलणारे चौघे रिकाम्या हातांनी आले, त्यांच्या चपला एका ओळीत. मी बोटांवर मोजत गेले. शेवटी याकूब आला. त्याचे काळे बूट, नाडीचे. तो पायरीवर बसून नाड्या सोडत होता तेव्हा आमची नजरानजर झाली. त्यानं डोळ्यांनीच विनवलं. मग बूट जोडीनं ठेवले, दाऊदचाचाच्या जागेवर, आणि आत गेला.

चाळीस जोड. मोजायला काही चुकलं नव्हतं. मी तांब्या उचलला.

आणि वाजवला नाही.

काय काय मनात आलं ते सांगते. वाजवला तर बाबा सुखानं चढतील, सुखानं खुतबा देतील. महिन्यानं त्यांना कळेल की आपण मिंबरवर उभं राहून खोटा जुमा पढवला. ते त्यांना जन्मात सहन झालं नसतं. हा एक विचार. पण दुसराही होता, आणि तो पण सांगितला पाहिजे. या दगडी जाळीच्या बाहेर बसून मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चपला मोजल्या. त्यांतले किती आले, किती गेले. मी कुठं गेले नाही. माझं एकच काम, खरं मोजायचं. तेही खोटं करायचं तर मग मी तिथं कशाला बसायचं? मला राग आला होता. त्या बुटांचा, त्या चमकणाऱ्या नाड्यांचा. मी तांब्या परत हौदावर ठेवला.

आत कुजबुज सुरू झाली. मग मुकादम दारात आले.

“मैमुना, झोप लागली काय? चाळीस आहेत, मी पाहिले. वाजव.”

“एक जोड पाहुण्याचा आहे, मुकादमचाचा.”

“तुझं काम मोजायचं. ठरवायचं नाही.”

“मोजलंय,” मी म्हटलं. “एकोणचाळीस.”

ते आणखी काही बोलणार होते, पण आतून बाबांचा आवाज आला. “मुकादम, आत या.”

मी जाळीला कान लावला. जाळीच्या भोकांतून मला फक्त डोलकाठीचा खालचा भाग आणि बाबांचे पाय दिसत होते.

“याकूब,” बाबा म्हणाले, “इकडे ये. या खांबाला हात लाव. तुझी बहीण तांब्या वाजवत नाही. ती चुकत असेल तर मी उठून तिला ओरडेन. तू इथं राहायला आला आहेस ना?”

याकूबचे मोजे घातलेले पाय खांबाजवळ आले. थांबले.

“एक महिन्याची रजा आहे, बाबा,” तो म्हणाला. “तुम्हाला न्यायला आलोय.” काल लाकूड म्हणत होता त्याला, पण हात लावून खोटं बोलता आलं नाही. माझ्या आईबापाचंच रक्त ते.

काठी दगडावर आडवी ठेवल्याचा आवाज आला. मग कपड्यांची सळसळ, सगळे ओळीनं उभे राहिले. आणि मग काहीच नाही.

जुम्याचा नमाज मोठ्यानं पढतात. जोहर मनातल्या मनात. मी जाळीला कान लावून बसले होते आणि आतून पढण्याचा एक शब्द येत नव्हता. वाकल्याचा, बसल्याचा आवाज, मधे मधे ‘अल्लाहु अकबर’, आणि बाकी खाडीचं पाणी. इतकी माणसं आत असून मशीद रिकामी वाटत होती. मी तिथं रडले. कोणासाठी ते अजून सांगता येत नाही. बाबांसाठी असेल, नाहीतर माझ्याचसाठी.

थोड्या वेळानं धाकू धक्क्यावरून चढून आला, टोपी हातात घेऊन. “खतीबसाहेबांचा आवाज नाही आला आज. बरे आहेत ना, मैमुनाबाय?”

“बरे आहेत.”

“मी होडी बांधून ठेवली होती,” तो म्हणाला. “आता सोडू?”

“सोड,” मी म्हटलं.

गाव माझ्याशी बोलेनासं झालं. खतिबाच्या पोरीनं जुमा मोडला, असं बायका विहिरीवर म्हणायच्या, मी ऐकेन एवढ्या मोठ्यानं. याकूब रजा संपायच्या आत निघाला. निघताना बूट घालत म्हणाला, “बुबू, एक तांब्या वाजवला असतास तर कोणाचं काय बिघडलं असतं?” मी म्हटलं, “पत्र पाठव पोचल्यावर.” बाबा त्याच्याबरोबर गेले नाहीत. त्यांनी त्याला एसटीपर्यंत सोडलं, पेटी उचलू लागले, आणि डोक्यावर हात ठेवून दुवा दिली. ते त्याला एका शब्दानं टाकून बोलले नाहीत. मलाही नाही. घरात आम्ही दोघं, आणि मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलणं. मला वाटायला लागलं की यांनाही गावासारखंच वाटतंय.

पुढच्या शुक्रवारी दुपारी मी सवयीनं मशिदीकडे निघाले. मोजायचं काही नव्हतं, तरी हौद बघायला म्हणून. मागच्या दाराशी चपला काढत होते तेवढ्यात बाबा विहिरीकडून आले. साधा सदरा होता अंगात, झगा नाही. हातात काठी नाही.

“तिथं कशाला काढतेस?” ते म्हणाले.

“रोज इथंच काढते.”

“पुढं ठेव. पायरीवर.”

मला कळेना. “मोजायला घोटाळा होईल ना, बाबा.”

“होऊ दे,” ते म्हणाले. मग स्वतःच वाकले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कमरेत धड वाकता येत नव्हतं. माझ्या चपला त्यांनी उचलल्या, हातात धरून मशिदीला वळसा घातला, आणि पायरीवर नेऊन नीट जोडीनं ठेवल्या. दाऊदचाचाच्या जागेवर. बाकीचे बघत होते. बाबांनी कोणाला काही सांगितलं नाही. आत गेले आणि जोहर पढला.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. बाबा गेले, मुकादम गेले. एकोणचाळिसांचे कधी वीस झाले, कधी पाच, ते मी मोजायचं सोडून दिलं. बांग आता पलीकडच्या गावातून भोंग्यावर येते, वारा असला तर. मशिदीपुढं सरकारी पाटी लागली आहे, हात लावू नये म्हणून. किल्ली माझ्याकडे असते. शुक्रवारी मी दार उघडते, केर काढते, खांबाला तेल लावते, आणि आत उभी राहून जोहर पढते. मनातल्या मनात.

मागच्या महिन्यात पुण्याहून एक मुलगा आला होता कॅमेरा घेऊन. चांगला मुलगा होता. नाखुद्याची गोष्ट त्यानं सगळी ऐकून घेतली, लाकूड किती जुनं असेल ते तपासता येतं म्हणाला. मी म्हटलं, येत असेल. मग त्यानं विचारलं, “आजी, इथं अजून नमाज होतो? किती जण असतात?”

“पायरीवर बघ की,” मी म्हटलं.

त्यानं वळून बघितलं. माझ्या चपला होत्या, नेहमीच्या जागेवर. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो खाली बसला, आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि माझ्या चपलांशेजारी ते नीट जोडीनं ठेवले. मग माझ्याकडे बघून हसला. “घ्या आजी, दोन झाले.”

त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला मला. फिरवलाही.

“नाही रे बाळा,” मी म्हटलं. “पाहुणा धरत नाहीत.”